सकाळचा पीक लोड

मधुमेही माणसाला पूर्वी एक मोठी सोय होती. त्याची साखर ठरलेल्या दिवशीच तपासली जायची. तारीख आधी ठाऊक असायची, त्यामुळे आमच्या सोसायटीतले निम्मे ज्येष्ठ नागरिक तपासणीच्या आधीचे चार दिवस वडापावच्या गाडीकडे पाठ करून चालायचे, सकाळी कारल्याचा रस घ्यायचे आणि रिपोर्ट हातात पडला की लॅबमधून थेट गाडीवर जायचे. मग एचबीएवनसी ही चाचणी आली. तिने मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी काढून या चार दिवसांच्या पुण्याईवर पाणी ओतलं. तरी सरासरी ती सरासरी. कुठल्या मंगळवारी कोणाच्या बारशाला किती जिलब्या झाल्या, हे तिच्यातून कळत नसे.

आता कळतं. वेळेसकट कळतं.

माझ्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला सध्या साडेतीन सेंटिमीटर व्यासाची एक पांढरी चकती चिकटवलेली आहे. तिच्या पोटातून एक बारीक तार निघते आणि कातडीखाली जेमतेम पाच मिलिमीटर जाऊन बसते. बसवताना खट् आवाज होतो, दुखत मात्र नाही. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची गाठ पडली की अतिसूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो, तो मोजला जातो आणि आकडा मोबाइलवर उमटतो. ही सगळी माहिती डॉक्टरांनी मला उद्देशून सांगितली. पण माझे यजमान वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. ‘वीजप्रवाह’ या शब्दापाशी माझा आजार संपला आणि यांचा सुरू झाला.

घरी आल्यावर यांनी सासूबाईंनाही सगळं समजावून सांगितलं. ते एन्झाइम सहसा काळ्या बुरशीपासून मिळवतात, हेही सांगितलं. सासूबाई वयाची पंच्याऐंशी ओलांडून बसल्या आहेत आणि त्यांना साखरेचा त्रास अजिबात नाही. त्या म्हणाल्या, “लोणच्याला बुरशी आली तर बरणी फेकता, आणि दंडाला लावायला पैसे मोजता?”

पैसे बरेच मोजावे लागतात. एका चकतीला काही हजार रुपये पडतात, आणि ती चालते चौदा दिवस. म्हणजे शुक्ल पक्षाला एक आणि कृष्ण पक्षाला एक, असा हिशेब सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मांडला. पण पंचांगाचा पक्ष साधारण पंधरा तिथींचा आणि यंत्राचा चौदा दिवसांचा, त्यामुळे दर वेळी यंत्र थोडं पुढे सरकतं. चौदा दिवस भरले की ते आपल्या मनाने बंद होतं. तुम्ही नेमके लग्नाच्या पंगतीत आहात की झोपेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नवीन लावलं की पहिला तासभर ते काहीच बोलत नाही. पुढचा जवळजवळ एक दिवस बोलतं, पण त्यावर फारसा विश्वास ठेवायचा नसतो. नव्या सुनेला जसे पहिले काही दिवस कोणी काही म्हणत नाही, तशी सवलत डॉक्टर या चकतीला देतात. मला तशी सवलत मिळाल्याचं आठवत नाही, पण तो वेगळा विषय.

यांनी मोबाइलवरचा आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. नोकरीत असताना भार-आलेख हा यांचा जीव की प्राण. सकाळी शहर जागं झालं की विजेची मागणी कशी चढते, दुपारी कशी ओसरते, संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा कशी उसळते, हे आमच्या लग्नानंतर महाबळेश्वरला त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. आता तसाच आलेख घरात, तोही बायकोच्या दंडातून येणारा. पहिल्या दिवसापासून आमच्याकडे नाश्त्याला ‘सकाळचा पीक लोड’ आणि रात्रीच्या जेवणाला ‘संध्याकाळचा पीक’ म्हणायला सुरुवात झाली. जेवण कमी करायचं असलं की ‘आज लोडशेडिंग’. दुसरी पोळी मागितली की मला ‘मागणी मंजूर नाही’ असं ऐकावं लागतं.

या आलेखातून जी माहिती बाहेर पडली, तिने घरातल्या जेवणाची जातपातच उलटीपालटी केली. पोहे हा आमच्याकडे शहाण्या माणसाचा नाश्ता समजला जायचा. कमी तेल, वर लिंबू, खोबरं, कोथिंबीर. पहिल्याच रविवारी पोह्यांनी दोनशेचा आकडा ओलांडला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. उलट ज्याच्याकडे सगळे गुन्हेगार म्हणून बोट दाखवत होते, ते साजूक तूप घातलेला वरणभात आणि आधी वाटीभर उसळ-कोशिंबीर, हे सज्जन निघाले. उसळ आधी खाल्ली तर भाताची चढण मंदावते, हे डॉक्टरांनीही सांगितलं. शिळ्या भाताबद्दलही असंच काहीसं निघालं. भात शिजवून गार केला की त्यातला काही स्टार्च पचायला जड होतो आणि साखर जरा हळू चढते. हे ऐकल्यावर सासूबाई उठून देवाला हात जोडून आल्या. उभा जन्म त्यांनी सकाळी फोडणीचा भात खाल्लेला आहे, आणि उभा जन्म त्यांना लोकांनी ‘ताजं खा’ म्हणून सांगितलेलं आहे.

त्यांचा आनंद एकादशीपर्यंत टिकला. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. मी दीड वाटी घेतली, उपास म्हणजे पथ्यच अशा भावनेने. तासाभराने आलेखाची रेघ अशी उभी चढली की यांनी चष्मा काढून पुसला. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर त्यात बटाटा, आणि वर खजुराचा एक लाडू ‘गोड काही नको, म्हणून’. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं आपल्याकडे म्हणून ठेवलेलं आहे. ते म्हणणाऱ्यांकडे सेन्सर नव्हता, पण डोळे होते. सासूबाईंनी मात्र यंत्रच खोटं ठरवलं. विठोबाच्या दिवशी साखर वाढूच शकत नाही, हा त्यांचा मुद्दा कुठल्याही सेन्सरला खोडता येण्यासारखा नाही.

खरं तर यंत्र खोटं नसलं तरी उशिरा बोलतं, ही गोष्ट समजून घ्यायला आम्हाला बरेच दिवस लागले. ही चकती रक्त तपासत नाही. ती पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातली साखर मोजते, आणि रक्तातली साखर तिथे झिरपायला थोडा वेळ लागतो, साधारण पाच ते पंधरा मिनिटं. म्हणजे मोबाइलवर दिसतं ते वर्तमान नसतं, नुकताच होऊन गेलेला भूतकाळ असतो. यांना उशीर मान्य नाही. यांनी जुना ग्लुकोमीटर काढला, माझं बोट टोचलं: १५९. सेन्सर म्हणत होता १४३. त्याच सकाळी लॅबमध्ये रक्त दिलेलं होतं, तिथून आलं १५१. तिन्ही बरोबर असू शकतात, कारण शंभरच्या वर घरच्या ग्लुकोमीटरला आंतरराष्ट्रीय मानकातच १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. पण एका माणसाच्या एकाच सकाळी तीन साखरा असाव्यात हे यांना सहन होईना. यांनी तिन्हींची सरासरी काढली आणि तिला ‘अधिकृत साखर’ असं नाव दिलं.

ही अधिकृत साखर रोज संध्याकाळी आलेखासकट आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. ग्रुपवर माझी मुलगी आहे, ती इंग्लंडात असते. यांचे दोन भाऊ आहेत, माझी बहीण आहे आणि एक व्याही आहेत, त्यांना कोणी घेतलं हे अजून उलगडलेलं नाही. इंग्लंडात साखर वेगळ्या एककात मोजतात. आपल्या आकड्याला अठराने भागलं की तिथला आकडा येतो. यांनी ‘१६६’ टाकलं की मुलगी फोनवर म्हणते, “नऊ पॉइंट दोन? बरं आहे की.” सासूबाईंनी ते ‘नऊ’ ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तिकडच्या हवेत साखर उतरते, असं त्यांनी शेजारी सांगितलंसुद्धा. व्याही रोज न चुकता जोडलेले दोन हात पाठवतात. चढत्या आलेखालाही आणि उतरत्या आलेखालाही.

पहाटेचा प्रकार मात्र गंभीर झाला. रात्री जेवून झोपलेली बाई, पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि पहाटे चारपासून रेघ वर चढायला लागते. सहाला उठावं तर आकडा झोपतानापेक्षा जास्त. यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता, पेपरमधून डोळे न काढता विचारलं, “रात्री काही खाल्लं होतंस का?”

“नाही.”

“फ्रिजमध्ये श्रीखंड होतं.”

“आहे की अजून.”

“आहे. पण लेव्हल खाली गेली आहे.”

यांनी श्रीखंडाच्या डब्यावर बाहेरून स्केचपेनने खूण करून ठेवली होती. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्यावर इतकं लक्ष कधी दिलं गेलं नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टर हसले. म्हणाले, हे अगदी नेहमीचं आहे. पहाटे शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात, आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन तिला आवरतं, मधुमेहात आवरत नाही. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: ‘पहाटे ४ ते ६, स्वतःची निर्मिती. बाहेरून पुरवठा नाही.’ माझ्या यकृताबद्दल त्यांच्या बोलण्यात त्यानंतर एक आदर आला. श्रीखंड सासूबाईंनी खाल्लं होतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. त्यांच्या दंडावर काही नाही ना.

मग ती रात्र. तीनच्या सुमाराला उशाशी मोबाइल किंचाळायला लागला. पडद्यावर लाल रंगात ५८. साखर सत्तरच्या खाली जाणं हे वर जाण्यापेक्षा तातडीचं असतं, हे यांनी वाचून ठेवलेलं. मी डोळे उघडेपर्यंत हे स्वयंपाकघरातून साखरपाण्याचा ग्लास घेऊन आले होते. चमचा अजून आत फिरत होता. मी अर्धवट झोपेत ग्लास रिकामा केला. मग सावकाश दिवा लावून बोट टोचलं: १२१. घाम नाही, थरथर नाही, भूक नाही. होतं एवढंच की मी डाव्या कुशीवर, नेमकी त्या चकतीवर झोपले होते. दाब पडला की तिथल्या द्रवाची ये-जा मंदावते आणि सेन्सरला साखर पडल्याचा भास होतो. डॉक्टरांनी नंतर बजावलं की लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर आधी बोट टोचा, पण खऱ्या घसरणीत वेळ घालवू नका. त्या रात्री भास होता. पण साखरपाणी खरं होतं. पुढच्या तासात रेघ जी चढली, ती मात्र सेन्सरने तंतोतंत टिपली. सकाळी आलेखावर यांची नोंद: ‘रात्री ३.२०, कारण अज्ञात.’

या सगळ्यात यंत्र बनवणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही. ती म्हणजे ब्लाउज. दंडाच्या मागची ती जागा, जिथे चकती बसवायला सांगतात, बरोबर तिथेच आपल्या ब्लाउजची बाही संपते. पैठणीवरचा ब्लाउज काढून बघा. बाहीला काठ लावलेला, आत अस्तर, आणि शिवण दंडाला काचेल इतकी घट्ट. घालताना हात वर करून बाही चढवली की काठ चकतीच्या कडेवर येऊन अडतो. पुढे ढकलावा तर चकती उचलली जाते, मागे घ्यावा तर शिवण तटतटते. उतरवताना तर दुसऱ्या माणसाशिवाय निभावत नाही. मी आमच्या टेलरकडे गेले आणि म्हटलं, बाह्या दोन इंच लांब तरी करा नाहीतर दोन इंच आखूड. तो म्हणाला, “मॅडम, सध्या कोपरापर्यंतची फॅशन आहे.” मी त्याला चकती दाखवली. त्याने टेपने तिचं माप घेतलं, उंची पाहिली आणि विचारलं, “हिच्यासाठी आतून खिसा देऊ का?” इतका व्यवहारी प्रश्न मला कुठल्याही दवाखान्यात कोणी विचारलेला नाही.

लोकलचं तर विचारूच नका. डोंबिवलीहून दादरला जाताना बायकांच्या डब्यात दंड हा आपला अवयव राहत नाही, सार्वजनिक मालमत्ता होतो. उतरताना एका पर्सचा पट्टा अडकला आणि चकती गेली. प्लॅटफॉर्मवर मागून एक मुलगी धावत आली. “काकू, तुमचं बटण पडलं.” एवढं महागडं बटण मी कुठल्याही कपड्याला लावलेलं नाही. तेव्हापासून वरून चिकटपट्टी लावते, पण घामाच्या दिवसांत पट्टीही दुपारपर्यंत कडा सोडते. आणि दिवाळीत नरकचतुर्दशीला सासूबाई तेलाची वाटी घेऊन पाटासमोर आल्या की डावा दंड वगळा असं त्यांना सांगणं म्हणजे घरात अपशकुन.

हळदीकुंकवाला गेलं तर वाण बाजूला राहतं आणि दंडाची चौकशी होते. एकीने हळूच विचारलं, सिगारेट सोडताय का. दुसरीला वाटलं हृदयाचं काही आहे, तिने माझ्यासाठी खुर्ची आणली. समजावून सांगितल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न: “आत्ता किती आहे?” मी मोबाइल काढून सांगितलं. मग तिळगुळाचा एक लाडू हातात देऊन सगळ्याजणी अर्धा तास माझ्याकडे बघत बसल्या. आकडा वाढायला लागल्यावर काही जणींनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या निम्म्या जणींची साखर माझ्याहून जास्त असेल, पण ती त्यांची त्यांच्यापाशी.

हाच माझा खरा आक्षेप. आकड्यावर माझा राग नाही, आकडा चारचौघांत येतो त्यावर आहे. सासूबाई सांगतात, त्यांच्या सासऱ्यांनाही मधुमेह होता. तेव्हा घरी बेनेडिक्टचं निळं द्रावण असायचं. परीक्षानळीत पाच मिली द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. हे सगळं मोरीत, दार लावून व्हायचं. मामंजी बाहेर येऊन फक्त ‘हिरवं’ म्हणायचे आणि जेवायला बसायचे. विटकरी झालं तरी ‘हिरवं’च म्हणत असणार, अशी सासूबाईंना दाट शंका आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये सतत मोजणाऱ्या पहिल्या सेन्सरला मान्यता मिळाली, तोही तीन दिवसांची नोंद साठवायचा आणि ती फक्त डॉक्टरांना दिसायची. रुग्णाला काही कळायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच. तंत्रज्ञानाने तिथे थोडं थांबायला हरकत नव्हती.

एक उपयोग मात्र मलाही सापडला. राग, धावपळ, ताण यांनी साखर चढते. त्या वेळी जी हार्मोन्स सुटतात ती यकृताला साखर सोडायला लावतात. एका दुपारी काही न खाताच रेघ चढली. यांनी वही उघडून चौकशी सुरू केली: डाळिंब घेतलं होतं का, किती, चहात काय होतं. मी फक्त मोबाइल पुढे केला. चौकशी सुरू झाल्यापासून आकडा आणखी वीसने वाढला होता. यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि वही मिटली. त्या महिन्यातली ती सर्वात शांत दुपार.

परवा तपासणीला गेलो तेव्हा यांनी आलेखांची स्पायरल बांधलेली फाइल नेली होती, विभागवार, रंगवार. साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ राहावी अशी बहुतेक प्रौढांसाठी अपेक्षा असते. माझे अडुसष्ट आले होते. यांच्या मते फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं. डॉक्टरांनी फाइल चाळली, एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “रविवारी पोहे करता ना?” मग म्हणाले, तुम्हाला इन्सुलिन नाही, गोळ्यांवर आहात. कशाने साखर चढते ते आता कळलंय. हे कायम लावून ठेवायची गरज नाही, अधूनमधून एखादा लावला तरी पुरे.

यांचा चेहरा पाहवेना. रस्ताभर बोलले नाहीत. घरी फ्रिजच्या दारात दोन नवे सेन्सर पडून आहेत. डोंबिवलीच्या उन्हाळ्याला खोलीचं तापमान म्हणता येत नाही, म्हणून तिथे ठेवलेले. खोक्यावरची मुदत श्रावणाच्या अखेरपर्यंतची आहे हे यांच्या लक्षात आलं आणि संध्याकाळी हे पुन्हा वही उघडून बसले. श्रावणाचा कार्यक्रम आखला: सोमवारची खिचडी, नागपंचमीचे दिंड, शुक्रवारचं पुरण, नारळी पौर्णिमेचा नारळीभात. प्रत्येकापुढे वेळ, माप आणि अपेक्षित शिखर. मी भाजी निवडता निवडता वहीत डोकावले. नारळीभातापुढे ‘अर्धी वाटी’ असं लिहिलं होतं. हे पाणी प्यायला उठले तेव्हा मी यांच्याच पेनने त्यातला ‘अर्धी’ हा शब्द खोडला आणि पुन्हा गवारीच्या शिरा काढायला बसले.